अप्पा, त्या नोटिशीबद्दल तुमचे आभार

आदरणीय अप्पा,
सादर नमस्कार.

हे पत्र घरी येऊन तुमच्या हातात देता आलं असतं. पण आपल्या रावेर-यावल पट्ट्यात बँकेची अशी वसुलीची नोटीस कपाटात दडवून बसलेली आणखीही घरं असतील, म्हणून चारचौघांत लिहिते आहे.

वादळात केळीची बाग आडवी झाली, पाठोपाठ बाबांचं आजारपण आलं, आणि वेफर्सच्या युनिटसाठी घर गहाण ठेवून काढलेल्या कर्जाचे हप्ते तुंबले. ९० दिवस उलटले तसं खातं एनपीएत, म्हणजे बुडीत धरल्या जाणाऱ्या कर्जांत गेलं. मग २००२ च्या सरफेसी कायद्याची, म्हणजे गहाण मालमत्ता कोर्टात न जाता ताब्यात घ्यायची मुभा बँकेला देणाऱ्या कायद्याची, कलम १३(२) ची थकबाकी मागणारी नोटीस आली. वसुलीवाला रात्री नऊलाही फोन करून "उद्या कुलूप ठोकतो" म्हणायचा. आईने भांडी पोत्यात भरायला घेतली होती.

तुम्ही आलात, चष्मा लावलात आणि नोटिशीवरच्या तारखेला पेन्सिलीने गोल केलात. तिथून ६० दिवस. तोवर बँक ताबा घेऊ शकत नाही. त्यानंतरही ताब्याची नोटीस लावावी लागते, दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते. ताब्याला विरोध झाला तर बँकेला कलम १४ खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. आणि ताब्याच्या कारवाईपासून ४५ दिवसांत आपल्याला कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचे नाहीत, हा रिझर्व्ह बँकेचा नियमही तुमच्याकडूनच कळला. त्या रात्री आई किती दिवसांनी नीट जेवली!

मग शेवटच्या पानावरच्या मालमत्तेच्या यादीवर तुम्ही बोट ठेवलंत. घराखाली शेताचा गट नंबरही होता. "ही तर कसती जमीन आहे ना रे भो?" असं बाबांना विचारलंत. शेतजमिनीला कलम ३१ प्रमाणे हा कायदा लागत नाही. पण नुसता सातबारा दाखवून भागत नाही, जमीन खरोखर कसली जाते हे दिसायला हवं, म्हणून तुम्ही पीकपाहणीची नोंद, केळीच्या पट्टीच्या पावत्या आणि बागेचे फोटो जोडायला लावलेत. हरकतीचा मसुदा तुम्ही सांगितलात, मी लिहिला. रजिस्टर पोस्टाची पोचपावती मात्र तुम्ही स्वतः फाइलला लावलीत. अशा हरकतीला १५ दिवसांत उत्तर देणं बँकेला बंधनकारक असतं. उत्तर आलं, गट नंबर वगळला गेला.

"शेत यातून सुटलं म्हणजे कर्ज माफ झालं नाही. घेतलंय ते फेडायचंच," हेही तुम्ही त्याच बैठकीत बाबांना स्पष्ट सांगितलंत. तुमच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर मला याच बोलण्यामुळे वाटतो. "पैसे द्या, मिटवून देतो" म्हणणारे तेव्हा दारात येतच होते. तुम्ही चहाशिवाय काही घेतलं नाही, आणि खोटी आशाही दाखवली नाही.

मामांनी हात दिला, दुसऱ्या बागेचे पैसे आले आणि मुदतीच्या आत सगळी थकबाकी व्याजासकट भरली. खातं पुन्हा नियमित झालं आहे.

कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत मिळाले पाहिजेत, नाहीतर उशिराच्या दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असं तुम्ही सांगून ठेवलं आहेच. खरेदीखत आणायला बाबांसोबत तुम्हीच चला, अप्पा.

तुमची,
सावद्याची लेक