चुंबकाचा पट्टा घेऊ नकोस

पुणे,
रविवार दुपार

प्रिय वैजू,

तू पाठवलेला व्हिडिओ तीनदा पाहिला. पांढरा कोट घातलेला तो माणूस, मागे गरगर फिरणारा मेंदू आणि शेवटी साडेचार हजारांचा चुंबकी पट्टा, डोक्याला बांधला की माईसारखं विसरणं बरं होतं म्हणे. ‘तुझं कामच चुंबकाचं, तेव्हा खरंखोटं तूच सांग,’ असं लिहिलंस. आधी उत्तर देऊन टाकते : घेऊ नकोस. कारण मात्र लांबलचक आहे, कारण तो माणूस बोलतोय त्यातलं थोडंसं खरं आहे, आणि मला राग त्याचाच जास्त आला.

फुटक्या स्पीकरमधला चुंबक दोरीला बांधून आपण कृष्णेच्या वाळूतून ओढत न्यायचो, आठवतं? त्याला काळ्या मिशा फुटायच्या. ते कण मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोखंडाच्या चुंबकी खनिजाचे, आपल्या काळ्या दगडातून झिजून आलेले. मी आज तेच बनवते, फक्त भलतेच बारीक. लोखंडाचे दोन क्षार एकास दोन प्रमाणात पाण्यात विरघळवायचे आणि अमोनिया घालायचा. बघता बघता तांबूस पाणी शाईसारखं काळं होतं. एक कण साधारण 10 नॅनोमीटरचा; केसाच्या जाडीत असे आठ-दहा हजार शेजारी शेजारी बसतील. इतका बारीक झाला की त्याचा स्वभावच पालटतो. चुंबक जवळ आणा, धावत येतो. चुंबक लांब न्या, चुंबकपणा उरतच नाही. हवं तेव्हा धरायचं, हवं तेव्हा सोडायचं, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण.

आता माईच्या आजाराकडे येते. म्हणजे, तो अल्झायमरच आहे हे अजून कुणी सांगितलेलं नाही, हे लक्षात ठेव. 1906 साली अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी एका बाईंची हकीकत सभेत मांडली. फ्रँकफर्टच्या रुग्णालयात त्या दाखल झाल्या तेव्हा जेमतेम पन्नाशीच्या होत्या. त्या गेल्यावर त्यांच्या मेंदूच्या पातळ कापांवर चांदीचा क्षार चढवून पाहिलं, तर पेशींच्या बाहेर डाग आणि आत गुंते. पुढे कळलं की डाग अमायलॉइड-बीटा नावाच्या प्रथिनाचे, गुंते टाउ नावाच्या दुसऱ्याचे. पार्किन्सनमध्ये आणखी तिसरंच प्रथिन असतं. प्रथिनं निराळी, खोड एकच : घडी चुकते आणि एकाला एक चिकटत जातात.

माझा संबंध मेंदूशी नाही, अंड्याशी आहे. अंड्याच्या पांढऱ्यातलं लायसोझाइम नावाचं प्रथिन, 129 दुव्यांची साखळी, स्वस्त आणि गरीब स्वभावाचं. ते आम्लात टाकून 65 अंशांवर ढवळत ठेवलं की त्याचीही घडी चुकते आणि तसेच धागे होतात. उकडलेल्या अंड्यासारखा गोळा नाही हं. शेवयांसारखे लांब, शिस्तीत रचलेले धागे. बराच वेळ काहीच होत नाही, नळीकडे बघून कंटाळा येतो, आणि मग एकदम सुरू होतं. आधी तयार झालेल्या धाग्यांचा चिमूटभर तुकडा घातला की तो थांबण्याचा वेळही वाचतो. अगदी विरजणासारखं. माई दुधाला बोट लावून ‘अजून गरम आहे’ म्हणायची ना, नळी भट्टीत ठेवताना मला दर वेळी तेच आठवतं.

स्लोव्हाकियातल्या कोशित्से शहरात याच लायसोझाइमवर काम करणारी मंडळी आहेत. 2010 मध्ये त्यांनी दाखवलं की असे मॅग्नेटाइटचे कण मिसळले तर धागे कमी बनतात, आणि बनलेले मोडतातसुद्धा. व्हिडिओतलं ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं’ हे अशाच एखाद्या कामावर उभं असणार. पण तिथं मेंदू नव्हता, परीक्षानळी होती. आणि धागे मोडायला बाहेरून चुंबक लावावा लागला नव्हता. प्रथिन कणाच्या अंगाला चिकटतं, सगळा खेळ त्या अंगावरचा. माईच्या डोक्यात असे कण कुणी सोडलेलेच नाहीत, मग पट्टा बाहेरून ओढणार तरी काय?

तू म्हणशील, तुझेही कण धागे मोडतात का? माझी फजिती ऐक. पहिल्या वर्षी माझ्या कणांच्याच गुठळ्या झाल्या. गुठळ्या मोडायला निघालेल्यांच्या! सायट्रिक आम्लाचं अस्तर दिल्यावर ते सुटे राहायला लागले. मग एके दिवशी निकाल आला : कण घातलेल्या नळीत धागे निम्म्यानं कमी. धागे मोजायला आम्ही थायोफ्लेविन नावाचा रंग घालतो, तो धाग्याला चिकटला की चमकतो. चमक कमी, म्हणजे धागे कमी. मी आनंदानं दोन डबे पेढे वाटले. आठवड्यानं आमच्या सरांनी शांतपणे विचारलं, ‘काळ्या पाण्यात दिवा ठेवला तर उजेड कमीच दिसणार ना?’ कण स्वतःच प्रकाश गिळत होते. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तर धागे ठणठणीत. नंतर अस्तर बदललं, मोजणी बदलली, आणि आता थोडा परिणाम दिसतो. किती, ते अजून कुणाला सांगायच्या लायकीचं नाही. पेढे तर मुळीच नाहीत.

मला स्वतःला मोडण्यापेक्षा शोधण्यातच या कणांचा जास्त उपयोग वाटतो. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात विल्यम क्लाइन आणि आपल्या आयआयटी मुंबईत शिकलेले विनायक द्रविड यांच्या गटानं डिसेंबर 2014 मध्ये एक सुंदर काम छापलं. मोठे डाग दिसायच्या कितीतरी आधी अमायलॉइडचे छोटे छोटे पुंजके सुटे फिरत असतात, आणि खरं नुकसान तेच करतात असं क्लाइन यांचं जुनं म्हणणं. त्यांनी चुंबकी कणावर फक्त त्या पुंजक्यांना धरणारी अँटिबॉडी बसवली, ती उंदरांना नाकावाटे दिली आणि एमआरआय काढला. आजारी उंदरांच्या मेंदूत खुणा उमटल्या, निरोग्यांच्या नाहीत. नाकावाटे का, तर रक्तातून मेंदूत शिरायला कडक पहारा असतो. पण ते उंदीर होते, वैजू. मिरजेत काय नि पुण्यात काय, माईचा असा एमआरआय आज कुठं होणार नाही.

आणि डोक्यात लोखंड घालणं ही सहज करायची गोष्ट नव्हे. 2016 मध्ये लँकेस्टर विद्यापीठाच्या लोकांना मेक्सिको सिटी आणि मँचेस्टरच्या माणसांच्या मेंदूंत मॅग्नेटाइटचे गोल कण सापडले, बहुधा धुरातून आलेले. त्यानं आजार होतो असं सिद्ध झालेलं नाही, पण तेव्हापासून सिग्नलला मी नाकावर ओढणी घेते. ओढणीनं ते अडत नाहीत, हे मला माहीत आहे.

चुंबक खरा राबतो तो रक्ततपासणीच्या नळीत. अँटिबॉडी लावलेले चुंबकी मणी (हे माझ्या कणांपेक्षा बरेच मोठे) रक्तातलं नेमकं प्रथिन धरतात, यंत्र त्यांना चुंबकानं बाजूला ओढून ठेवतं, बाकीचं धुऊन टाकतं. मे 2025 मध्ये अमेरिकेत अल्झायमरसाठीच्या ज्या रक्ततपासणीला परवानगी मिळाली, तीही अशाच मण्यांवर चालते. ती लक्षणं असलेल्यांसाठीच आहे, आणि नुसत्या तिच्यावरून निदान करत नाहीत.

तुला ऐकून हसू येईल, पण थायरॉइडच्या साध्या तपासणीतही कित्येक यंत्रांत हेच मणी असतात. तेव्हा माईला चुंबक लावायचाच असेल तर असा लाव : टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि बी-12 करून घे. थायरॉइडचं संप्रेरक किंवा बी-12 कमी पडलं तरी माणूस विसरायला लागतो, आणि ते औषधानं सुधारू शकतं. कानही दाखव, मागच्या दिवाळीत ती मला तीनदा ‘काय?’ म्हणाली होती आणि आपण ते विसरण्यात जमा केलं. रात्री झोपेसाठी ती गोळी घेते ना, तिचं नावही डॉक्टरांना सांग. मग न्यूरॉलॉजिस्ट.

आकडे आले की फोटो पाठव. मी 14 तारखेला कोयना एक्सप्रेसनं येतेय, चार दिवस सुट्टी टाकलीय. माईला सांग, पेढे आणत नाही.

तुझी,
शुभा