मंत्रीमहोदय, 'स्थिर सरकार' म्हणजे कोणते?

माननीय मंत्रीमहोदय,
स. न. वि. वि.

तुमचे उत्तर काल आले. निवडणुकीआधी आमच्या इथल्या चर्चच्या हॉलमध्ये तुम्ही शंभर माणसांदेखत म्हणाला होता की ब्रिटनची मतदानाची पद्धत, म्हणजे मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मते तो एकटाच निवडून येतो ती, तपासायला समिती नेमू. आता चार ओळींत कळवता की तसा विचार नाही, कारण चालू पद्धत 'स्थिर सरकार' देते. खालची सहीसुद्धा छापील. इंग्रजीत तीनदा लिहून झाले. आता मराठीत लिहिते, निदान माझी माणसे तरी वाचतील.

कुठले स्थिर सरकार? 1922, 1923, 1924, ओळीने तीन वर्षे तीन निवडणुका याच पद्धतीने झाल्या. 1923 मध्ये कोणालाच बहुमत नाही. 191 जागांवर मजूर पक्षाचे मॅकडोनल्ड पंतप्रधान झाले, वर्षही भरले नाही. 1929 मध्ये मते हुजूर पक्षाला जास्त, जागा मजूर पक्षाला जास्त. उदारमतवाद्यांना 53 लाख मते आणि जागा 59! 1931 मध्ये राष्ट्रीय सरकारच्या आघाडीने 615 पैकी 554 जागा नेल्या. मजूर पक्षाला 66 लाखांच्या आसपास मते होती, चूकभूल द्यावी घ्यावी, जागा मिळाल्या 52. त्याच वर्षी बेकारभत्ता दहा टक्क्यांनी कापला, घरात कोण किती कमावतो हे तपासायला माणसे दारात येऊ लागली. आणि त्या घरांच्या बाजूने बोलायला सभागृहात मूठभर लोक!

मी नर्स आहे. रात्रपाळी उतरून, सुजलेल्या पायांनी, पावसात जाऊन मत देते. दोरीला बांधलेल्या त्या बोटभर पेन्सिलीने फुली मारते. वीस वर्षे इथे एकच पक्ष निवडून येतो. माझी फुली एकदाही कामी आलेली नाही. गेल्या वेळी मुलगी म्हणाली, "आई, झोप जरा, काय फरक पडतो?" तिला सांगायला माझ्याकडे काही नव्हते. हे मला फार लागले, साहेब.

1931 साली पद्धत बदलायचे विधेयक कॉमन्समध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात, मंजूर झाले होते. ज्यांना कोणी निवडून दिले नाही त्या वरच्या सभागृहातल्या लॉर्डांनी ते छाटले आणि ऑगस्टमध्ये सरकारच गेले. 2024 मध्ये मजूर पक्षाला 34 टक्के मतांवर 411 जागा! विरोधात असलात की तुम्हा सगळ्यांना सुधारणा हवी असते, खुर्ची मिळाली की स्थैर्य.

समिती कधी नेमता, तारीख कळवा. आणि सही हाताने करा.

तुमच्याच मतदारसंघातली एक मतदार,
मूळची सोलापूरची