कॉलऱ्यात आतडी पोखरली जात नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काल आपल्या आरोग्य पुरवणीत कॉलऱ्यावरचा लेख वाचला. पावसाळ्याच्या तोंडावर विषय घेतलात, त्याबद्दल आभार. पण ‘हे जंतू आतडी पोखरतात, म्हणून जुलाब थांबेपर्यंत पोटाला पूर्ण विश्रांती द्यावी’ हे वाक्य वाचल्यापासून जिवाची तगमग चालली आहे. पेपरात आलेलं लोक खरं मानतात. त्यावर विसंबून एखाद्या घरात पेशंटचं पाणी तोडलं, तर जबाबदारी कोण घेणार?

आमच्या घरात ते तोडलं होतं. साठच्या दशकातली गोष्ट, मी शाळकरी होते. गावात पटकी, म्हणजे हाच कॉलरा, आली, मरीआईचा गाडा शिवेबाहेर पोचवून झाला आणि तरीही आत्याला लागण झाली. सकाळी जुलाब सुरू झाले ते दुपारपर्यंत तांदळाच्या धुवणासारखं नुसतं पांढुरकं पाणी. तालुक्याहून आणलेल्या डॉक्टरांनी बजावलं, “थेंबभर पाणी द्यायचं नाही, आतडी सोलून निघालीत.” आजीने पाण्याची कळशी उचलून आतल्या खोलीत नेली. आत्याची बोटं धुणं धुतल्यासारखी सुरकुतली, डोळे खोल गेले, हातावरची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. आवाज बसला होता, तरी “एक घोट दे गं” हे शब्द मला उंबऱ्याबाहेर ऐकू येत होते. दिवेलागणीच्या आत ती गेली.

पुढे मी नर्सिंगला गेले तेव्हा कळलं, आतडी सोललेली नव्हतीच. हा जंतू आतड्याच्या भिंतीत शिरत नाही. बारीक तंतूंनी वरच्या वर चिकटतो आणि विष सोडतो. त्या विषाचा एक तुकडा पेशीत जाऊन क्षार बाहेर टाकण्याचं काम अखंड चालू ठेवतो आणि क्षारांमागून पाणी जातं, कधी कधी तासाला लिटरभर. पेशी मात्र शाबूत असतात. माणूस दगावतो तो पाणी आणि क्षार संपल्याने. त्याच जातीचे पण विष न बनवणारे कितीतरी जंतू खाडीच्या पाण्यात असतात, त्यांनी कॉलरा होत नाही. विषाचा जीन या जंतूला एका विषाणूकडून मिळालेला आहे, हे १९९६ मध्ये सिद्ध झालं.

आपल्या लेखात रॉबर्ट कॉख आहेत, १८८४ चं कोलकाता आहे, पण शंभुनाथ डे यांचं नावही नाही! कॉखनी जंतू दाखवला. तो नेमकं करतो काय, हे त्याच कोलकात्यात डे यांनी दाखवलं. सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात त्यांनी जंतू गाळून काढलेला द्रव सोडला. जंतू एकही नाही, तरी तुकडा पाण्याने टम्म फुगला. हे १९५९ मध्ये छापून आलं. म्हणजे आमच्या दारात डॉक्टर उभे होते तेव्हा हे जगाला माहीत होतं.

नुसत्या पाण्याने आत्या वाचली असती असं मी म्हणत नाही. तिला सलाइन हवं होतं. पण पेशी शाबूत असतात म्हणूनच साखर आणि मीठ मिळून पाणी आत ओढून घेतात. ती वाट हे विष बंद करू शकत नाही. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपल्यावर डॉ. दिलीप महलनबीस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं ते चार टक्क्यांच्या खाली आलं. लिटरभर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचे चहाचे. एवढं तरी छापायचं होतं! आणि पेशंट मलूल झाला, लघवी थांबली, तर घरी न थांबता दवाखाना गाठायचा.

जाता जाता आणखी एक. त्याच पुरवणीच्या मागच्या पानावर ‘अशक्तपणावर’ म्हणून गोड पेयाची जाहिरात आहे. जुलाबात असली अती गोड पेयं उलट पाणी जास्त घालवतात. लेखाच्या पाठीला पाठ लावून ती कशी काय येते?

दुरुस्ती येत्या पुरवणीत, लेख होता त्याच जागी आणि तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, जि. सातारा