आईच्या पायांचं गाऱ्हाणं ऐकणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आईची रेस्टलेस लेग्ज सिंड्रोमची फाइल तुमच्याकडे आहेच. पण फाइलमध्ये आभार मानायला रकाना नसतो, म्हणून हे पत्र.

दिवेलागण झाली की आईच्या पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळायला लागायचं. उठून चार पावलं टाकली की थांबायचं, पाठ टेकली की पुन्हा सुरू. 'पाय हलवू नये, लक्ष्मी जाते' हे तिनेच आम्हाला लहानपणी सतत सुनावलेलं, त्यामुळे चारचौघांत तिला लाजच वाटायची. कुणी वय म्हणालं, कुणी कॅल्शियम. एका दवाखान्यात तर 'टेन्शन घेऊ नका' एवढ्यावर बोळवण झाली.

तुम्ही आधी प्रश्न विचारलेत. दुखतं, की हलवावेसे वाटतात? बसल्यावर, की चालताना? सकाळी कसं असतं? या आजाराचं निदान मुख्यतः अशा विचारपुशीतूनच होतं म्हणालात. मग औषधांची पिशवी टेबलावर ओतायला लावलीत आणि त्यातली सर्दीची गोळी बोटाने बाजूला सारलीत. झोप लागावी म्हणून आई रात्री जी घ्यायची, तीच पायांची तळमळ वाढवत होती!

हिमोग्लोबिन चांगलं, म्हणून लोहाचा विचार कुणी केलाच नव्हता. तुम्ही फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासलंत. 24 आलं. लॅबच्या कागदावर ते नॉर्मलच होतं, पण या आजारात 75 च्या खाली असलं तरी लोह देतात, कारण मेंदूला ते कमी पडत असतं, हे तुम्ही आईला कळेलसं सांगितलंत. रक्त कुठे जात नाही ना, तेही बघून घेतलंत. गोळी लिंबू सरबताबरोबर, चहा लांब. आईला चहाचंच जड गेलं.

ओळखीतल्या एकांना याच आजारावरच्या प्रॅमिपेक्सोल या औषधाने झटपट आराम पडला होता. ते का नको, हेही तुम्ही न कंटाळता समजावलंत: सुरुवातीला गुण येतो, पण पुढे बऱ्याच जणांना त्रास दुपारीच सुरू होतो, हातांतही उतरतो. त्याऐवजी गॅबापेंटिनची छोटी मात्रा दिलीत आणि चक्कर येऊ शकते म्हणून रात्री पॅसेजमधला दिवा चालू ठेवायला सांगितलंत. प्रिस्क्रिप्शनवर दिवासुद्धा लिहिणारे डॉक्टर मी पहिल्यांदाच पाहिले.

अजून एखादी रात्र बिघडते, नाही असं नाही. दिवाळीनंतर पुन्हा फेरिटिन करून दोघं येतो. लोह मिळतं म्हणून आईने अळिवाचे लाडू करायचं घेतलंय. एक डबा तुमचा आहे, नको म्हणू नका.

आपला कृतज्ञ,
तुमच्या पेशंटचा मुलगा