तुझ्या यादीबद्दल

प्रिय मित्रा,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र मिळालं. बाप्तिस्मा घ्यायचं नक्की केलंस हे वाचून डोळे भरून आले. पण पत्राच्या शेवटी जोडलेली यादी वाचली आणि रात्री झोप लागली नाही. नोकरी सोडणार, साठवलेलं सगळं देऊन टाकणार, लग्नाचा विषय बंद, घरच्यांशी संबंध तोडणार, आणि गाणंसुद्धा सोडणार. आणि खाली विचारतोस, ‘एवढं पुरेल ना? की अजून काही राहिलंय?’

मला काळजी वाटली ती या प्रश्नाची. तू तारणाची किंमत चुकवायला निघाला आहेस रे, आणि ती तर वधस्तंभावर चुकती झाली आहे. प्रेषित पौलाने इफिसकरांना किती उघड लिहिलंय ते पुन्हा वाच: तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, ते देवाचं दान आहे, कर्माने मिळालेलं नाही, म्हणजे कोणी बढाई मारायला नको. नोकरी सोडलीस म्हणून ख्रिस्त तुला जास्त जवळ घेणार नाही. ती ठेवलीस म्हणून दूरही लोटणार नाही.

मग काहीच सोडायचं नाही का? तसं मी मुळीच म्हणत नाही. पौलाकडेच बघ. कूळ, शिक्षण, परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला, म्हणून असलेला मान, सगळं त्याला केरकचऱ्यासारखं वाटू लागलं, असं तो फिलिप्पैकरांना लिहितो. पण क्रम लक्षात घे. दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर ख्रिस्त आधी भेटला. हातातलं मग सुटलं. सार्वकालिक जीवनासाठी काय करू, असं येशूला विचारणाऱ्या त्या श्रीमंत तरुणाची गोष्ट तुला पाठ आहे. तिच्यात मार्काने आपल्या शुभवर्तमानात एक वाक्य लिहिलंय, जे मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत नाही: येशूने त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली. ‘जा, असेल नसेल ते विकून टाक’ हे त्यानंतर आलं. आणि ते सगळ्यांना सांगितलं नाही. जक्कय नावाच्या जकातदाराने आपणहून अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली, तेव्हा ‘उरलेली अर्धी कुठे?’ असं येशूने विचारलं नाही. मार्था-मरीया या बहिणींना त्याने घर विकायला लावलं नाही. तो त्या घरी जाऊन जेवला.

त्याग करून ख्रिस्त मिळतो असं नाही, हे पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात स्पष्ट दिसतं. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आपल्या समाजाचा रोष पत्करला. तरी पुढे कितीतरी वर्षांनी त्यांनी मोकळेपणाने लिहिलं, की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, खुद्द ख्रिस्त नव्हे. इतकं गमावूनही! ज्या शांतीसाठी त्या तळमळत होत्या ती त्यांना पुढे मिळाली, आणि ती आणखी काही सोडल्याने नव्हे, तर आपण आहोत तशा त्याच्या हवाली झाल्याने.

आता घरच्यांविषयी. इथे मी जरा कडक लिहिणार आहे. मार्काच्या सातव्या अध्यायात येशू शास्त्री-परूशांवर चिडतो तो कशावरून? आईबापांना द्यायचं ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेलं, असं म्हणून लोक हात झटकत होते. देवाच्या नावाने केलेला तसला त्याग त्याला मान्य नव्हता. तुझी आई तुझ्या पगारावर आहे. तो पगार एकट्या तुझा नाही, म्हणून एकट्याने वाहून टाकायचा तुला अधिकार नाही. येशूने तर वधस्तंभावर श्वास कोंडत असताना आपली आई शिष्याच्या स्वाधीन केली.

‘जो आपल्या बापाचा व आईचा द्वेष करत नाही, तो माझा शिष्य होऊ शकत नाही’ हे येशूचं वचन तू लिहून पाठवलं आहेस. त्याचा अर्थ मी असा घेतो: निवडायची वेळ आली तर पहिली जागा ख्रिस्ताची. निवडायची वेळ तू ओढून आणायची नाहीस. माझ्या बाबतीत ती आली. बाप्तिस्म्यानंतर मी घरी फोन केला की बाबा उचलतात, माझा आवाज ऐकतात, आणि एक शब्द न बोलता आईच्या हातात देतात. मधल्या दोन-तीन सेकंदांत त्यांचं खाकरणं ऐकू येतं, कधी चष्मा टेबलावर ठेवल्याचा आवाज. तेवढे बाबा माझ्या वाट्याला उरलेत. हे दुखतं, आणि प्रभू दिलासा देतो म्हणून दुखायचं थांबत नाही. तरी मी फोन करणं सोडलेलं नाही. संबंध त्यांनी तोडले तर तो माझा वधस्तंभ. मी तोडले तर तो त्यांच्या खांद्यावर टाकल्यासारखं होईल.

कवी नारायण वामन टिळकांचं उदाहरण तू दिलंस. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा काय काय गेलं हे तू लिहिलंस, पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं नाव तुझ्या पत्रात नाही. निर्णय टिळकांचा, आणि पुढची काही वर्षं लहान मुलाला घेऊन नवऱ्यावाचून काढली ती त्या बाईंनी. टिळकांना मी दोष देत नाही. त्यांना दुसरा मार्ग दिसत नव्हता. पण त्यागाची साक्ष देताना त्याचा भार आणखी कुणी उचलला, तेही सांगावं.

खरा प्रसंग येईल तेव्हा मात्र मागे सरू नकोस. हिटलरला विरोध करणारे जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर 1939 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कला सुखरूप पोचले होते. मित्रांनी तिथे त्यांची सगळी सोय केली होती. ते महिनाभरातच जर्मनीला परतले, कारण आपल्या लोकांबरोबर हे दिवस काढले नाहीत तर युद्धानंतर त्यांच्यात उभं राहायचा आपल्याला हक्क उरणार नाही, असं त्यांना वाटलं. 9 एप्रिल 1945 ला फ्लॉसेनबुर्कच्या छळछावणीत त्यांना फाशी दिलं. त्यांनी मरण शोधलं नव्हतं. जिथे असायला हवं तिथे ते राहिले, आणि त्याची किंमत त्यांच्यापर्यंत चालत आली. तुझ्याकडेही येईल. कदाचित त्याच नोकरीत, खोट्या कागदावर सही करायला सांगतील तेव्हा. त्या दिवशी नोकरी जाऊ दे, मी तुझ्या पाठीशी उभा राहीन.

लग्नाबद्दल घाईने नवस केल्यासारखं काही बोलू नकोस. पौल अविवाहित राहण्याला कृपादान म्हणतो. ते दिलं गेलंय का, हे कळायला वेळ जातो.

आणि गाणं कुणाच्या सांगण्यावरून सोडतोस? टिळकांनी एवढं मागे टाकलं, पण अभंग टाकला नाही. तोच घेऊन ते ख्रिस्ताकडे आले, म्हणून आज मराठी ख्रिस्ती मंडळी त्यांची भजनं गाते. तुझा आवाज पाप नाही. तो बंद करून देवाला काय मिळणार आहे, ते मला तरी सांग.

बाप्तिस्म्याची तारीख ठरली की लगेच कळव, मी नक्की येतो. त्याआधी पाळकांना ही यादी दाखव, आणि आईशी बोल. ती रडेल, रागावेलही. उठून जाऊ नकोस, तिचं पूर्ण ऐकून घे. राजीनामा लिहून ठेवला असशील तर दोघांशी बोलणं होईपर्यंत तो देऊ नकोस.

रोज तुझं नाव घेऊन प्रार्थना करतो.

तुझाच,
मित्र