दोन नकाशे, एकच जागा: मा. आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
लातूर शहर महानगरपालिका, लातूर.

विषय: गंजगोलाईलगतच्या जुन्या गोदामांच्या जागेचा पुनर्विकास व भूखंडांची उपविभागणी.

महोदय,

गंजगोलाई या गोलाकार बाजारपेठेलगतची जुनी गोदामे पाडून पुढच्या भागात व्यापारी संकुल उभारायचे आणि मागची जागा लहान भूखंड पाडून विकायची, असा प्रस्ताव नगररचना विभागाकडे छाननीसाठी आल्याचे कळते. गोदामे मोडकळीस आली आहेत आणि तिथे नवे बांधकाम व्हायला हवे, याबद्दल दुमत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, संकुलाचा नकाशा आणि मागच्या जागेचे रेखांकन यांच्या वेगवेगळ्या संचिका न करता दोन्हींची छाननी एकत्रच व्हावी.

राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेच्या रेखांकनात 10 टक्के मोकळी जागा सोडावी लागते, आणि 500 चौरस मीटरपासून पुढच्या भूखंडावर पावसाचे पाणी जिरवण्याची सोय बंधनकारक आहे. सलग जागेचे आधी तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा सुटा मोजला, तर एकही नियम न मोडता दोन्ही अटींतून सुटण्याची वाट शोधली जाऊ शकते. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या शहराला हे परवडणारे नाही.

रस्त्याचा प्रश्न याहून बिकट आहे. मागच्या भूखंडांना वाट मिळणार ती संकुलाच्या बाजूनेच. संचिका वेगळ्या राहिल्या, तर तीच पट्टी एका नकाशात रस्ता आणि दुसऱ्यात पार्किंग म्हणून दाखवली जाण्याचा धोका आहे. 1917 साली उभ्या राहिलेल्या गोलाईला सोळा रस्ते मिळतात, परंतु मधल्या गल्ल्यांत आजही एक टेम्पो माल उतरवायला उभा राहिला की पाठीवर पोते घेतलेल्या हमालाला अंग चोरून जावे लागते; तिथे अग्निशमनचा बंब कसा शिरणार? (पार्किंगसाठी मंजूर झालेल्या तळघरात पुढे मालाचे गठ्ठे दिसू लागतात, हेही शहराला नवे नाही.) जुन्या भाडेकरू दुकानदारांना संकुलात कुठे आणि किती जागा मिळणार, हेही मंजुरीपूर्वी लेखी ठरावे.

विकास योजनेत फेरबदल करायचा असेल, तर 1966 च्या नगररचना अधिनियमातील कलम 37 नुसार नागरिकांच्या हरकती मागवाव्या लागतात. साध्या विकास परवानगीला ते बंधन नाही. तरीही दोन्ही नकाशे कार्यालयात लावून लेखी सूचना घेण्यास कायद्याची आडकाठी नसावी. मात्र 60 दिवसांत निर्णय कळवला नाही, तर कलम 45 नुसार परवानगी मिळाल्याचे मानले जाऊ शकते, म्हणून त्रुटी वेळेत लेखी कळवल्या जाव्यात.

स्थळपाहणी सकाळी, माल उतरण्याच्या वेळेला ठेवावी, ही विनंती. दुपारी ती गल्ली उगाचच रुंद वाटते.

आपला विश्वासू,
गंजगोलाई परिसरातील एक व्यापारी