मोठी मासळी का सोडली? विन्याला पत्र

मिनियापोलिस,
२१ ऑक्टोबर

प्रिय विन्या,

परवा फोनवर तू ओरडलास, "एवढी मोठी मासळी हातात आली नि सोडलीस? तिकडे जाऊन डोकं फिरलं काय?" तेव्हा हसून विषय टाळला, कारण तुझी वहिनी जेवायला हाका मारत होती. आता निवांत लिहितो. लांबेल, पण पुढचं उधाण यायच्या आत वाचून होईल तुझं.

मासळी होती वॉलआय नावाची, पण आधी जागा सांगतो. मिनेसोटाच्या पार वरच्या टोकाला, कॅनडाच्या हद्दीवर लेक ऑफ द वूड्स आहे. म्हणायचं तळं, पण पसारा सुमारे ४,३५० चौरस किलोमीटर. अख्खी मुंबई सात वेळा बुडेल त्यात. थोडं मिनेसोटात, बाकीचं ओंटारियो आणि मॅनिटोबात, आणि बेटं चौदा हजारांवर. हद्दीची एक गंमत आहे. १७८३च्या तहाच्या वेळी समोर जो नकाशा होता तो चुकीचा होता. मिसिसिपीचा उगम खरा आहे त्यापेक्षा कितीतरी वर असल्याचा समज होता. त्या घोळात अमेरिकेचा एक तुकडा तळ्याच्या पलीकडच्या अंगाला राहिला. तिथल्या माणसाला गाडीने आपल्याच राज्याच्या कचेरीत यायचं तर कॅनडातून फिरून यावं लागतं. आपल्याकडे भावाभावांच्या वाटणीत विहीर पलीकडच्या वाडीत जाते ना, तसलाच प्रकार.

आम्ही उतरतो ते दक्षिणेला, बॉडेट गावात. रेनी नदी तिथूनच पुढे तळ्याला मिळते. गावात वॉलआय माशाचा ४० फुटी पुतळा आहे, १९५९ पासूनचा. चौकात मासा उभा करणारं गाव तुला आवडेल.

आता वॉलआय. अंग सोनेरी-हिरवट, शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका, आणि डोळा दुधाळ काचेचा. आपल्या खाडीतल्या जिताडा माशाच्या डोळ्यावर बॅटरी मारली की तो कसा चमकतो, तसाच याचाही चमकतो. डोळ्याच्या पडद्यामागे उजेड परतवणारा थर असतो, त्यामुळे आपल्याला काळोख वाटतो तिथे त्याला भक्ष्य दिसतं. म्हणून गरवायची वेळ पहाटेची, दिवेलागणीची किंवा ढगाळ दिवसाची. या तळ्याचं पाणी मात्र भोवतालच्या दलदलीमुळे मुळातच कोऱ्या चहाच्या रंगाचं, त्यामुळे इथे भर दुपारीही मासा लागतो. त्या पाण्यात सोनेरी रंग उठून दिसतो, म्हणून जो तो सोनेरी जिगच लावतो. जिग म्हणजे डोक्यावर शिशाची गोळी ओतलेली गरी.

सगळा खेळ ऑक्टोबरचाच का, ते ऐक. एमराल्ड शायनर नावाची बोटभर लांबीची चंदेरी मासळी सप्टेंबरपासून तळ्यातून थव्याथव्याने नदीच्या मुखाकडे येते आणि वर चढते. वॉलआय तिच्या मागे. बर्फ वितळल्यावर वसंतात वॉलआयची मादी अंडी घालणार, पण अंडी पोटात भरायला लागतात ती आत्ता. मादी त्यासाठीच खात सुटते. तेव्हा माशाच्या मागे धावायचं नाही. मुखाशी नांगर टाकून बसायचं आणि त्याला आपल्याकडे येऊ द्यायचं. तुझ्या स्वभावाला हे मानवेल, माझ्या मुलाला नाही.

गरीला गोठवलेला शायनर. तोंडातून घालून कल्ल्यातून काढायची, मग पाठीत टोचायची. तळाला टेकली की वीतभर उचलायची आणि स्थिर धरायची. हिसका बसेल म्हणून वाट बघशील तर दिवसभर बसशील. हिसका नसतोच, दोरी नुसती जड होते. पाण्यातलं पान अडकलं असं वाटतं, तेव्हाच उचलायची.

भरती-ओहोटी नाही म्हणून तुला चुकल्यासारखं होईल. इथे तिची जागा वाऱ्याने घेतली आहे. उत्तरेचा वारा लागला की पाणी दक्षिण किनाऱ्यावर चढतं. मोठा उपसागर पस्तीसेक फूटच खोल, त्यामुळे लाटा आखूड आणि उभ्या येतात, होडीला श्वास घेऊ देत नाहीत. त्या दिवशी कोणी शहाणा बाहेर पडत नाही, सगळे नदीतच राहतात. काठावर टॅमरॅकची झाडं पिवळीधमक झालेली असतात. सूचिपर्णी असून पानं गाळणारं झाड. मला फार आवडतं ते.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. कायदा असा आहे, की साडेएकोणीस ते अठ्ठावीस इंचांमधला वॉलआय परत सोडायचाच. त्याहून मोठा एक ठेवता येतो. वॉलआय आणि त्याचा चुलतभाऊ सॉगर मिळून माणशी सहा, त्यात वॉलआय चारच. माझी होती सव्वीस इंचांची. पट्टीवर मोजली, दोन्ही हातांनी पाण्यात धरली, शेपूट मारून गेली. माझ्याबरोबर येणारे शेजारचे आजोबा एवढंच म्हणाले, "तिला एप्रिलात काम आहे."

कायदा होता म्हणून सोडली, हे खरं. पण कायदा नसता तरी आता सोडली असती. त्या मापाच्या बहुतेक माद्याच असतात, आणि एवढी मादी एका हंगामात लाखाच्या वर अंडी देते. याच तळ्यात पूर्वी स्टर्जन मासा उदंड होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच्या अंड्यांना भाव आला आणि लोकांनी तो उपसून नेला. त्याच्या मादीला अंड्यावर यायलाच वीस-पंचवीस वर्षं लागतात; मग उरतंय काय? वर कागद गिरण्यांची घाण नदीत. १९७२च्या पाण्याच्या कायद्यानंतर नदी निवळत गेली, आता कुठे तो मासा पुन्हा गळाला लागतो.

आणि जिताडा तर याहून अवघड आहे रे. तो जन्मतो नर आणि वाढल्यावर मादी होतो. म्हणजे खाडीतले मोठे जिताडे जवळजवळ सगळे माद्याच. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे, कुणाला खूश करायचं तर जिताडा पाठवायचा, आणि तोही सगळ्यात मोठा. तू सोड असं मी म्हणत नाही. तुझ्या घरात त्याचे पैसे येतात, माझी नुसती हौस. पण तू मला वेड्यात काढलंस म्हणून सांगितलं.

खायला पंधरा-सोळा इंची वॉलआय ठेवतो. मांस पांढरं, काटा नगण्य. कालवण करू नये, कोकम आणि मसाल्यात त्याची चवच हरवते. मीठ, हळद, किंचित तिखट, बारीक रवा आणि तव्यावर. गालांचे दोन तुकडे आधी मी खातो. तुझ्या वहिनीला यातलं काही पटत नाही, ती कालवणच करते.

पुढच्या वर्षी येणार असशील तर ऑक्टोबरातच ये. जाकीट, बूट, हातमोजे सगळं माझ्याकडे आहे, दांडी-दोरीही. फक्त कोकमाच्या आगळाची बाटली आण, इथे मिळतं त्यात पाणीच जास्त. आणि उत्तरात एक कळव, खाडीत जिताड्याची पिल्लं तळ्यात सोडायला अजून पूर्वीइतकी मिळतात का? काकींना नमस्कार.

तुझा,
सुधीर